ऋण काढून रथ

महाराष्ट्रातील सुशिक्षित तरुणांची एक अख्खी पिढी कमाईच्या पहिल्याच वर्षी पुढची सात वर्षे गहाण टाकू लागली आहे आणि समाज या व्यवहाराला पेढे वाटून संमती देतो आहे. उन्हाळ्यात पदवी, पावसाळ्यात नोकरी आणि दसऱ्याला नवी कोरी मोटार, हा क्रम पुण्यापासून नागपूरपर्यंत रूढ होत चालला आहे. मोटार कोणी कधी घ्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न, असे म्हणून हा विषय झटकण्याची सोय आता उरलेली नाही. कर्ज एकाच्या नावावर असते. त्याचा भार मात्र आईबापांच्या पुंजीवर, शहरांच्या रस्त्यांवर, बँकांच्या ताळेबंदांवर आणि राज्याच्या उद्यमशीलतेवर पडतो. हा भार किती, तो कोणी लादला आणि त्याची किंमत कोणाकडून वसूल होणार, एवढेच सांगण्याची वेळ आली आहे.

प्रथम हिशेब. शोरूममध्ये साडेआठ लाखांची किंमत सांगितलेली गाडी घ्या. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहनकर, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे ९३ हजार ५०० रुपये. शिवाय विमा, नोंदणी, फास्टॅग, वाढीव वॉरंटी आणि ‘ॲक्सेसरीज’ नावाची नाकारता न येणारी भर. गाडी रस्त्यावर येईतो आकडा दहा लाखांच्या घरात जातो. पैकी एक लाख हातचे घालून नऊ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता बसतो १४ हजार ७१० रुपये. सात वर्षांत फेडायचे १२ लाख ३५ हजार. त्यातले ३ लाख ३५ हजार निव्वळ व्याज. आता दुसरी बाजू. नवख्या अभियंत्याचे ‘पॅकेज’ चार लाखांचे सांगितले जाते. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि वर्षाअखेरीस मिळालीच तर मिळणारी रक्कम वजा केली, की महिन्याला हातात जेमतेम २८-३० हजार उरतात. त्यातले निम्मे हप्त्याला. रोजची चाळीस किलोमीटरची ये-जा धरली तर शंभरी ओलांडलेल्या पेट्रोलला आणखी सहा हजार. विम्याचे नूतनीकरण आणि सर्व्हिसिंग यांचे महिन्याला तीन हजार. खोलीचे भाडे आणि मेसचा डबा यांची पाळी येईपर्यंत पगार संपलेला असतो. उरलेला महिना क्रेडिट कार्डावर निघतो आणि एका कर्जाचे पोट भरायला दुसरे कर्ज जन्माला येते.

हे झाले सर्व काही सुरळीत चालले तर. सुरळीत न चालल्यास काय होते ते विम्याच्या कागदावर छापलेलेच असते, पण तो कागद कोणी वाचत नाही. गाडीचे विमामूल्य शोरूम-किमतीच्या प्रमाणात ठरते आणि घसाऱ्याच्या ठरलेल्या कोष्टकानुसार घटते : पहिल्या सहा महिन्यांनंतर १५ टक्के, एक वर्षानंतर २० टक्के, दोन वर्षांनंतर ३०, तीन वर्षांनंतर ४०. कर बुडीतच असतो, त्याला मूल्य नसते. वरच्या उदाहरणातील गाडीचे विमामूल्य वर्ष उलटताच ६ लाख ८० हजारांवर येते. कर्ज मात्र त्या दिवशी ८ लाख ५ हजार शिल्लक असते, कारण पहिल्या वर्षी भरलेल्या पावणेदोन लाखांपैकी ८१ हजार व्याजातच गेलेले असतात. त्या आठवड्यात गाडी चोरीला गेली किंवा द्रुतगती मार्गावर तिचा चुराडा झाला, तर नेहमीच्या पॉलिसीत विमा कंपनीचे सारे पैसे बँक घेईल आणि वर सव्वा लाखाचे देणे त्या तेविशीच्या मुलाच्या अंगावर राहील. गाडी नाही, हप्ता आहे. तीन वर्षे नेमाने हप्ते भरल्यावरही देणे विमामूल्याहून सुमारे ७५ हजारांनी अधिकच असते. चार्वाकाने कर्ज काढून प्यायला सांगितलेले तूप निदान अंगी तरी लागले असते.

परंतु पैशाची ही हानी त्यातल्या त्यात किरकोळ म्हणावी लागेल. खरी हानी काळाची आहे. बावीस ते तीस हे वय भांडवल साठवण्याचे आणि दिशा बदलण्याचे. या वयात नोकरी पटली नाही तर सोडता येते, पुढे शिकता येते, दोन वर्षे एखाद्या प्रयोगशाळेत, न्यायालयात किंवा स्वतःच्या छोट्याशा धंद्यात तुटपुंज्या कमाईवर काढता येतात. हप्ता सुरू झालेल्या तरुणाला यांतले काहीही करता येत नाही. त्याला राजीनाम्याचा विचार महिन्याच्या पाच तारखेपुढे नेता येत नाही. साहेबाचे चुकीचे काम नाकारता येत नाही, की रात्रपाळीबद्दल तक्रार करता येत नाही. तेवढीच रक्कम सात टक्क्यांच्या साध्या आवर्ती ठेवीत सात वर्षे टाकली असती, तर कर वगळता पंधरा लाखांहून अधिक पुंजी उभी राहिली असती. एखादे यंत्र, एखादे दुकान किंवा घराच्या किमतीतला पहिला हिस्सा त्यातून निघाला असता. पेरणीसाठी राखलेले बियाणे दळून त्याच्या भाकऱ्या करण्याचाच हा प्रकार आहे. जेवण झाल्यासारखे वाटते, पुढचा हंगाम मात्र गेलेला असतो.

हे सारे ज्या पायावर उभे आहे, तो नोकरीचा पाया किती भक्कम? २०२२ साली निवडपत्र हाती पडलेल्या अनेक अभियंत्यांना प्रत्यक्ष रुजू होण्यासाठी दोन-दोन वर्षे ताटकळावे लागले. २०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने, म्हणजे मध्यमवर्गाने सरकारी नोकरीच्या तोडीची मानलेल्या कंपनीने, सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले; त्यांत अनुभवी फळीतले लोकही होते. संगणकाला सोपवता येणारी कामे सर्वांत आधी नवख्यांच्या हातून जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्या उद्योगाला पुढील दोन वर्षांची भरती सांगता येत नाही, त्याच्या वेतनचिठ्ठीच्या तीन प्रतींवर सात वर्षांचे कर्ज दिले जाते आणि घेतलेही जाते. देणारा आणि घेणारा यांपैकी एकालाही यात काही विपरीत वाटत नाही.

हप्ते थकले, की दोन-तीन महिन्यांत कर्ज थकीत ठरते आणि गाडी ‘ओढून नेली’ जाते. वसुलीसाठी दांडगाई करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच खडसावले आहे. म्हणून गाडी जायची थांबत नाही. लिलावात ती पडेल भावाने जाते आणि उरलेली बाकी कर्जदाराच्या माथी कायम राहते. पतअहवालातला तो डाग पुढे घर घेताना, धंद्यासाठी पैसे उभे करताना, क्वचित नोकरी बदलतानाही आडवा येतो. आणि हा डाग एकट्याचा नसतो. तेविशीच्या मुलाला पुरेशी पत नसल्याने अर्जावर सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते. लातूरचा शिक्षक, साताऱ्याचा निवृत्त एसटी वाहक, परभणीचा कापूस उत्पादक शेतकरी यांनी उभ्या हयातीत कोणाचे देणे ठेवलेले नसते. पुण्यात मुलाची नोकरी गेली, की गावात बापाच्या नावापुढे थकबाकीदार असे लागते. हातचे म्हणून भरलेला एक लाखही बहुधा त्यांच्याच ग्रॅच्युइटीतून आलेला असतो. ज्या पैशावर म्हातारपणीचे औषधपाणी चालायचे, त्यावर शहरात कोणीतरी सनरूफ बसवून घेतलेले असते.

यात शिक्षणकर्जाची भर घाला. अभ्यासक्रम संपल्यावर त्या कर्जाच्या परतफेडीला साधारण वर्षभराची सवलत मिळते. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. नेमक्या त्या मोकळ्या वर्षातच गाडी दारात येते, कारण त्या वर्षी पगार भरघोस भासतो. सवलत संपून शिक्षणकर्जाचा हप्ता सुरू होतो, तेव्हा त्याच्या वाटणीचा पैसा आधीच चाकांना बांधलेला असतो. जुन्या करप्रणालीत शिक्षणकर्जाच्या व्याजावर वजावट तरी मिळते. नोकरदाराच्या नव्या मोटारकर्जाला प्राप्तिकर खाते कवडीचीही सूट देत नाही. ज्या कर्जाने माणूस घडला ते थकवायचे आणि ज्या कर्जाने लोखंड आले ते वेळेवर फेडायचे, हा या पिढीच्या अर्थव्यवहाराचा उफराटा न्याय आहे.

या अविवेकाचे खापर एकट्या तरुणांवर फोडणे हा भेकडपणा ठरेल. मोह विकत मिळतो, कारण तो विकणारी यंत्रणा उभी आहे आणि तिला अभय देणारे नियामक वर बसले आहेत. एका मोठ्या सरकारी बँकेच्या वाहनकर्ज योजनेत वार्षिक तीन लाख उत्पन्नाचा नोकरदार पात्र ठरतो आणि निव्वळ मासिक उत्पन्नाच्या ४८ पटींपर्यंत कर्जाची कमाल मर्यादा सांगितली जाते. महिन्याला २५ हजार मिळवणाऱ्याला हे गणित १२ लाखांची वाट दाखवते. पुढे परतफेडीच्या क्षमतेची चाळणी असते हे खरे. पण खिडकीवर टांगलेली पाटी १२ लाखांचीच असते. घरासाठी कर्ज देताना रिझर्व्ह बँकेने किमतीच्या ७५ ते ९० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. सोने तारण ठेवले तरी मर्यादा आहे. घराची किंमत सहसा वाढते, सोन्याची तर डोळ्यांदेखत वाढली, त्यांना लगाम. दारातून बाहेर पडताच जिची किंमत घसरते त्या मोटारीला मात्र अशी मर्यादा नाही, आणि म्हणून शंभर टक्के कर्जाच्या जाहिराती चौकाचौकांत झळकतात. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने ग्राहककर्जांच्या फुगवट्याने सावध होऊन त्यांपोटी बँकांनी किती भांडवल राखायचे ते ठरवणारा जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला, तेव्हाही वाहनकर्जे त्यातून वगळली. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जासोबत मुख्य तपशिलांचे पत्रक देणे बंधनकारक झाले हे स्वागतार्हच. पण त्या पत्रकात व्याज दिसते. पेट्रोल, विमा आणि घसारा दिसत नाहीत. जे बुडवते तेच नेमके पानाबाहेर राहते.

मुहूर्ताच्या दिवशी कोणत्याही शोरूममध्ये जाऊन हे डोळ्यांनी पाहावे. लाल साटिनखाली झाकलेली गाडी, पुठ्ठ्याची हातभर किल्ली, आईच्या हाती आरतीचे तबक, चाकाखाली लिंबू आणि मोबाइल सरसावून उभी भावंडे. दहा पावलांवर काचेच्या खोलीत फायनान्सवाला पुढच्या गिऱ्हाइकाच्या वडिलांपुढे कागद सरकवत असतो. ‘काका, इथे सही, इथे एक, आणि मागच्या पानावर तीन.’ काका चष्मा काढतात, पुसतात आणि न वाचता सही करतात. मुलगा रंग निवडण्यात गढलेला असतो. मुदतीआधी फेडल्यास दंड किती, विमा बाहेरून घेता येतो का, पाच वर्षांत फेडले तर व्याज एक लाखाने कमी होते हे खरे का, यांतला एकही प्रश्न त्या खोलीत विचारला जात नाही.

दख्खनला कर्जाचा इतिहास नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून शेतकऱ्यांचा उठाव पेटला आणि गावोगाव सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. १८७९ साली इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. सारा आणि कोसळलेला कापसाचा भाव यांनी त्या कुणब्याला सावकाराच्या ओट्यावर नेले होते. त्याला पर्याय नव्हता. त्याचा पदवीधर पणतू आज हसतमुखाने, छायाचित्र काढून घेत, तीच सही करतो आहे. परक्या सरकारला निदान दंगलीनंतर जाग आली. आपले सरकार दंगलीची वाट पाहत नाही, ते उत्सव साजरा करते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्या करकपातीला ‘बचत उत्सव’ असे नाव देण्यात आले. सात वर्षांच्या कर्जाने साजरी होणारी बचत अर्थशास्त्राच्या कोणत्या ग्रंथात बसते, हे नाव ठेवणाऱ्यांनी सांगावे. देशातील कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत २०२२-२३ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कित्येक दशकांच्या नीचांकाला आली होती. त्यातून बोध घेण्याऐवजी २०२४-२५ मध्ये ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेल्याचा डांगोरा प्रगतीची साक्ष म्हणून पिटला जातो.

गाडीशिवाय नोकरीवर पोहोचताच येत नाही, असे तरुण सांगतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. राज्यकर्त्यांवरील सर्वांत मोठा दोषारोप हाच आहे. देशातील पहिला बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव जलद मार्ग २००६ साली पुण्यात सुरू झाला. त्यानंतर उभारलेल्या नगर रस्त्यावरच्या मार्गिका चालवता न आल्याने उखडण्यात आल्या. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचे भूमिपूजन २०१८ च्या डिसेंबरात झाले आणि त्यानंतर पदवीधरांच्या कितीतरी तुकड्या खांब मोजत कामावर गेल्या. पीएमपी या शहर बससेवेच्या थांब्यावर तासभर उभ्या राहणाऱ्या मुलीला ‘गाडी घेऊ नकोस’ असा उपदेश करण्याचा नैतिक अधिकार महापालिकेला उरलेला नाही. जी व्यवस्था नगराने सामायिक खर्चातून उभारायची, ती प्रत्येक नवपदवीधराने स्वतःच्या कर्जातून विकत घ्यावी, असा हा अघोषित करार आहे. आणि एवढे करून पोहोचायचे कुठे? टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकानुसार पुण्यात दहा किलोमीटर जायला ३३ मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. जगातील सर्वांत मंद शहरांत पुण्याचा क्रमांक चौथा होता. सात वर्षांचे ऋण काढून विकत घेतलेला हा वेग सायकलस्वाराला हसू आणणारा आहे. गाडी लावायला जागा असल्याचा दाखला नसेल तर नोंदणी नाही, असे परिवहनमंत्र्यांनी २०२५ च्या मे महिन्यात म्हटले. भाड्याच्या खोलीत चौघांत राहणाऱ्याची गाडी त्या घोषणेनंतरही पदपथावरच उभी राहत आली आहे.

समाजही साळसूदपणाचा आव आणू शकत नाही. विवाहाच्या बायोडेटात ‘स्वतःची चारचाकी’ हा रकाना कोणी आणला? त्याच्या खाली ‘शिल्लक कर्ज’ असा रकाना असता, तर कित्येक स्थळे पहिल्याच भेटीत उठून गेली असती. विद्यापीठे चार वर्षांत समाकल, अवकल आणि कंपनी कायदा शिकवतात. चक्रवाढ व्याजाचे सूत्र तर शाळेतच पाठ होते. ते सूत्र आपल्याच वेतनचिठ्ठीला लावून पाहायला मात्र कोणी शिकवत नाही. कॅम्पस मुलाखतींच्या हंगामात सर्वाधिक ‘पॅकेज’चे फलक लावणाऱ्या महाविद्यालयांना हातात पडणाऱ्या रकमेचा आकडा छापण्याची लाज का वाटावी?

उपाय गूढ नाहीत. रिझर्व्ह बँकेने वाहनकर्जाला शोरूम-किमतीच्या ८० टक्क्यांची कमाल मर्यादा घालावी आणि पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याला पाच वर्षांपेक्षा अधिक मुदत देऊ नये. नोकरीत वर्षभर कायम झाल्याशिवाय आणि शिक्षणकर्जाचा हप्ता हिशेबात धरल्याशिवाय बँकांनी अर्ज पुढे नेऊ नये. कर्जाच्या पत्रकात इंधन, विमा आणि दरवर्षीचा घसारा यांसह महिन्याचा एकूण खर्च छापला जावा. राज्य सरकारने वाहनकराचा ठरावीक हिस्सा हिंजवडी, खराडी, तळवडे, चाकण यांसारख्या कामाच्या ठिकाणांच्या बससेवेसाठी बांधून द्यावा. कंपन्यांनी रुजू होण्याची तारीख पाळावी आणि कर्मचाऱ्यांच्या बसगाड्या बंद करून तो खर्च नवख्यांच्या खिशावर ढकलू नये. पालकांनी निवृत्तीच्या पैशाला हात लावू देऊ नये आणि सहकर्जदाराची सही प्रेमाचा पुरावा मानू नये. तरुणांनी सहा महिन्यांचा खर्च गाठीशी बांधेपर्यंत, शिक्षणकर्ज आटोक्यात येईपर्यंत दुचाकी, बस किंवा वापरलेली गाडी यांत कमीपणा मानू नये.

यांतले काहीच झाले नाही, तर पुढचा क्रम लिहून ठेवावा. मंदीच्या पहिल्या झटक्याला नवख्यांच्या नोकऱ्या जातील. त्यांचे हप्ते थकतील, पाठोपाठ बापांच्या खात्यांवर वसुलीच्या नोटिसा जातील. जुन्या गाड्यांचा बाजार ओढून आणलेल्या गाड्यांनी भरेल आणि भाव आणखी कोसळतील. तारण पुरेनासे झाल्यावर बँका कर्जाचे हात आखडतील, आणि तेव्हा खऱ्या गरजूला, घर बांधणाऱ्याला, कारखाना काढू पाहणाऱ्याला पैसा मिळणार नाही. ज्या पिढीने राज्यात नवे उद्योग उभे करायचे, ती जुन्या हप्त्यांच्या धाकाने मिळेल त्या नोकरीला चिकटून बसेल आणि तिचे वेतन ठरवणाऱ्यांना ही लाचारी पुरेपूर ठाऊक असेल. महाराष्ट्राने शतकभर शाळा-महाविद्यालये काढली ती माणसे स्वतंत्र व्हावीत म्हणून. पदवी मिळताच ते स्वातंत्र्य महिन्याच्या हप्त्यावर सोडून देणारा पदवीधर आणि त्याला तशी सवय लावणारे राज्य, या दोघांनाही या सौद्याचे बिल एकाच वेळी येईल. ते भरण्यासाठी कर्ज देणारी बँक तेव्हा नसेल.